‘धा’चं झालं ‘डांग’

दरवर्षी १७ ऑगस्टला जाकार्ताच्या मर्देका राजवाड्यासमोर इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन साजरा होतो. ध्वजारोहण, तोफांची सलामी, शिस्तीत बसलेले परदेशी राजदूत, सगळं आपल्या २६ जानेवारीसारखं कडक इस्त्रीचं. २०२२ साली या सोहळ्यात पूर्व जावातल्या बान्युवांगीचा बारा वर्षांचा एक मुलगा गायला उभा राहिला. त्याआधी तो रस्त्यावर गाऊन पैसे मिळवायचा. त्याने ‘ओजो दिबान्दिंगके’ हे जावानीज गाणं धरलं, मागून ठेका पडला आणि बघता बघता मंत्री, अधिकारी, पाहुणे नाचायला लागले. डांगडूट या तिथल्या लोकप्रिय संगीतावरचा नाच अवघड नसतो. मुठी सैल धरायच्या, अंगठे वर, आणि कंबरेतून डावी-उजवीकडे नुसतं डोलायचं. ‘जोगेत’ म्हणतात त्याला. पोट सुटलेल्या मंत्र्यालाही जमतं.

गाण्याच्या नावाचा अर्थ ‘तुलना करू नकोस’. मला त्या दुसऱ्याशी ताडून बघू नकोस, असं प्रियकर विनवतो आहे. परक्या देशाविषयी लिहायला बसणाऱ्याने हा सल्ला समोरच्या भिंतीवर चिकटवून ठेवावा. मला मात्र तो पाळता येणार नाही, हे आधीच कबूल करतो. इंडोनेशियाचं रंजनविश्व न्याहाळताना कधी तमाशाचा फड डोळ्यांपुढे येतो, कधी गावच्या जत्रेतला ऑर्केस्ट्रा, कधी विसर्जन मिरवणुकीतला डीजे. आठवणी आपणहून येतात, त्यांना दारातून परत कसं पाठवणार?

पन्नास वर्षांपूर्वी याच संगीताला शहरातले शिकलेले लोक ‘काम्पुंगान’ म्हणत. काम्पुंग म्हणजे खेडं, वस्ती. काम्पुंगान म्हणजे गावंढळ, गल्लीछाप. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांनी आणि मोलकरणींनी ऐकायचं संगीत. ते गल्लीतून राजवाड्यापर्यंत कसं पोचलं, वाटेत त्याच्यावर दगड कोणी मारले आणि पैसे कोणी उधळले, हे कळलं की आजच्या इंडोनेशियाची निम्मी ओळख झाली, असं माझं मत आहे. म्हणून या प्रस्तावनेत डांगडूटला झुकतं माप दिलं आहे. सिनेमा आणि मालिका मागून येतीलच.

आपल्याकडे इंडोनेशिया म्हटलं की बाली, बोरोबुदुर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती वीस हजार रुपियाची गणपतीवाली नोट. ती नोट १९९८ची. चलनातून ती कधीच गेली, पण आपल्या कौटुंबिक ग्रुपांवर अजून खणखणीत चालते. ‘तिकडे अजून आपली संस्कृती टिकून आहे’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. सतरा हजारांवर बेटं आणि अठ्ठावीस कोटी माणसं असलेला, जगातली सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या सांभाळणारा हा देश संध्याकाळी घरी आल्यावर काय बघतो, लग्नात कशावर नाचतो आणि सिनेमागृहात कशाला घाबरतो, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. गंमत अशी की त्या संध्याकाळीतही आपला हात आहे, आणि तो नोटेवरच्या गणपतीपेक्षा कितीतरी जिवंत आहे.

सुरुवात मुंबईपासूनच करता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या गलबतांतून पडदे, पेट्या आणि पऱ्यांचे पोशाख घेऊन मलायापर्यंत जात. पेनांगमध्ये त्यांच्या खेळांना ‘वायांग पारसी’ म्हणत. त्यातून तिथलं ‘बांगसावान’ हे संगीत नाटक उभं राहिलं, आणि त्याच्याच वळणावर १८९१ साली सुराबायात ‘कोमेडी स्तांबुल’ निघाली. म्हणजे मराठी संगीत रंगभूमीने ज्या पारशी मंडळ्यांकडून पडदे आणि चाली उचलल्या, त्यांच्याकडूनच जावाच्या लोकप्रिय नाटकानेही उचलल्या. दोन चुलत भावंडं, एकमेकांना कधीच न भेटलेली.

पुढे हिंदी सिनेमा पोचला. सुमात्रा आणि जाकार्तात ‘ओर्केस मेलायू’ नावाचे वाद्यवृंद होते; मलय गीतं, अरबी छटा आणि थोडं पाश्चात्य असं त्यांचं मिश्रण. १९५०च्या दशकात त्यांत हिंदी चित्रपटगीतांच्या चाली शिरल्या. एल्या खादाम या गायिकेचं ‘बोनेका दारी इंडिया’, म्हणजे ‘भारतातली बाहुली’, त्या काळात गाजलं. तबल्याच्या जागी ‘गेंडांग’ची जोडी आली, बासरीच्या जागी बांबूची ‘सुलिंग’. त्या जोडीवर मोकळा बोल पडला की ‘डांग’, आणि मागून बायाचा घुमारा दाबला की ‘डूट’. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉकवर पोसलेल्या शहरी मंडळींनी या आवाजावरून संगीताची टिंगल सुरू केली: डांगडूट, डांगडूट. ज्यांची टिंगल झाली त्यांनी तेच नाव पाटीवर रंगवून दाराला लावलं.

पाटी लावणाऱ्यांत पहिला माणूस रोमा इरामा. जन्म १९४६, पश्चिम जावातलं तासिकमलाया. १९७० साली त्याने ‘सोनेता’ हा वाद्यवृंद काढला. १९७५च्या डिसेंबरात डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड जाकार्तात वाजवून गेला. रोमाने त्यातली गिटार उचलली आणि गेंडांगच्या शेजारी नेऊन बसवली. हिंदी चाल, रॉकची गिटार, मलय गळा आणि शब्दांत इस्लामी उपदेश. कागदावर ही पाककृती कोणाही शहाण्या माणसाला अपचनाची वाटेल. प्रत्यक्षात देशभर पंगती उठल्या. त्याचं ‘तेराजाना’ ऐकाच. नाव हिंदी, गाणं इंडोनेशियन, आणि विषय आपल्या नव्या संगीताचं कौतुक. जागरणावरच्या ‘बेगादांग’ या गाण्याने तर तो घरोघरी पोचला. १९७७मध्ये त्याने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या विरोधातल्या मुस्लिम पक्षाचा प्रचार केला, तेव्हा सरकारी दूरचित्रवाणीने त्याला दहा-अकरा वर्षं पडद्यावर येऊ दिलं नाही. त्याने काही बिघडलं नाही. कॅसेट कोणत्याही मंत्रालयाला विचारून वाजत नव्हती.

नंतर हाच बंडखोर दरवाजा अडवून उभा राहिला. नव्वदच्या दशकात पूर्व जावात ‘कोप्लो’ नावाची भन्नाट शैली निघाली. हे नाव एका स्वस्त नशेच्या गोळीवरून पडलेलं. पश्चिम जावातल्या सुंदानीज लोकांच्या जायपोंग नाचातल्या ढोलाचे तोडे तिने डांगडूटमध्ये आणले, लय दुप्पट केली आणि उपदेश काढून टाकला. लग्नातल्या मंचावरचे हे कार्यक्रम कोणीतरी चित्रित करायचं आणि चोरट्या व्हीसीडी बाजारात यायच्या. अशाच व्हीसीडींतून पासुरुआनची इनुल दरातिस्ता २००३ साली देशभर पोचली. तिच्या कंबर फिरवण्याला ‘ङेबोर’ म्हणत, म्हणजे ड्रिल मारणं. धर्मपंडित खवळले, आणि रोमा इरामाने तिला जाहीर झोडपलं. तिच्या बाजूने उभं राहिलेलं सर्वांत मोठं नाव अब्दुररहमान वाहिद यांचं: माजी राष्ट्राध्यक्ष, स्वतः मोठे धार्मिक नेते, जवळजवळ दृष्टी गेलेले. जो बघू शकत नव्हता त्यानेच ‘नाचू द्या तिला’ अशी बाजू घेतली. यातला विनोद इंडोनेशियन माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

कोप्लोचा मंच एकदा जवळून बघण्यासारखा असतो. यूट्यूबवर न्यू पालापा किंवा मोनाता या वाद्यवृंदांचं कुठलंही रेकॉर्डिंग लावा. मागे भडक रंगाचा फलक, त्यावर नवरा-नवरीची नावं किंवा आयोजक मंडळाचं नाव. एका कडेला गेंडांगवाला. गाण्याच्या मधल्या तुकड्यात गायिका बाजूला होते आणि सगळी गर्दी त्याच्या बोटांकडे बघते, जशी आपल्याकडे ढोलकीवाल्याकडे बघतात. समोर तरुण पोरं, सिगरेटचा धूर, मांडवाच्या खांबाला टेकलेली म्हातारी मंडळी. मग एक गृहस्थ खिशातून नोटांची चळत काढून मंचाच्या कडेला येतो आणि एकेक नोट गायिकेच्या हातात देत डोलू लागतो. निवेदक माइकवर त्याचं नाव घेतो, गावाचं नाव घेतो. याला ‘सावेरान’ म्हणतात.

आपल्याकडे याला दौलतजादा म्हणतात. लावणी चालू असताना पाटलाने नोट दाखवायची, नाव पुकारलं जायचं, पाटलाच्या मिशीला पीळ पडायचा. दोन्हीकडचा हिशेब एकच आहे: पैसे गाण्याचे कमी आणि नाव पुकारल्याचे जास्त. आणि दोन्हीकडे तो मंचावरच्या बाईला फार जपून सांभाळावा लागतो. नोट घेताना हसायचं, पण अंतर राखायचं. सूर सोडायचा नाही आणि पुढच्याचा हात कुठे जातोय यावर नजर ठेवायची. ही कसरत कुठल्या संगीत विद्यालयात शिकवत नाहीत. अलीकडे सावेरान मोबाइलवरही आली आहे. थेट प्रक्षेपणात प्रेक्षक आभासी भेटी पाठवतात, गायिका त्यांचं नाव घेते. मिशीला पीळ देता येत नाही एवढंच.

आता दिदी केम्पोट. या माणसाविषयी मी थोडा हळवा आहे, वाचकाने सांभाळून घ्यावं. १९६६ साली सुराकार्तात जन्म, घरात लोकनाट्याची परंपरा. ‘केम्पोट’ हे आडनाव नव्हे. फुटपाथवर गाणाऱ्यांच्या टोळीच्या नावाचं ते लघुरूप. गाणी जावानीज भाषेतली, विषय बहुधा एकच: ती गेली, मी स्टेशनवर उभा. सुराकार्ताच्या बालापान स्टेशनवरचं ‘स्तासियुन बालापान’ नव्वदच्या अखेरीस गाजलं. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, जिथे डचांनी मळ्यांवर राबायला भोजपुरी आणि जावानीज मजूर नेले, तिथे तर तो घरचाच होता. मायदेशात पुढच्या पिढीने मात्र त्याला वडिलांचा गायक म्हणून बाजूला ठेवलं. आणि २०१९ साली अचानक कॉलेजातली पोरंपोरी त्याच्या मैफलींना लोटू लागली. स्वतःला ‘सॅड बॉइज’, ‘सॅड गर्ल्स’ म्हणवून घेत, पहिल्या रांगेत उभं राहून मोठमोठ्याने रडू लागली. ‘आंब्यार’ हा जावानीज शब्द, अर्थ ‘चक्काचूर’, सगळ्या देशाच्या तोंडी बसला. पन्नाशी ओलांडलेल्या गायकाला ‘भग्न हृदयांचा गॉडफादर’ ही पदवी मिळाली.

या रडण्यामागे भाषेची एक गोष्ट आहे आणि ती मराठी माणसाला लगेच कळेल. इंडोनेशियाची राष्ट्रभाषा मलय भाषेवर उभारलेली आहे. १९२८ साली तरुणांनी शपथ घेऊन ती स्वीकारली. शाळा, कचेरी, बातम्या, सगळं त्या भाषेत. जावानीज बोलणारे कोट्यवधी, संख्येने मराठी भाषकांच्या तोडीचे. पण ती घरात आणि बाजारात बोलायची भाषा राहिली. शहरात जावानीज हेल काढला की हशा ठरलेला. केम्पोटने, आणि त्याच्यानंतर ङावीच्या देन्नी चाकनानसारख्या पोरांनी, त्या हेलालाच प्रतिष्ठा मिळवून दिली. आता सुमात्रातली, सुलावेसीतली, जावानीज न समजणारी मुलंसुद्धा ती गाणी पाठ म्हणतात. ५ मे २०२० रोजी केम्पोट गेला. त्याच्या काही आठवडे आधी त्याने घरातून दूरचित्रवाणीवर मैफल केली होती आणि करोनाग्रस्तांसाठी अब्जावधी रुपिया गोळा केले होते. रुपियाचे शून्य बरेच असतात हे खरं, पण रक्कम तरीही मोठी होती.

केम्पोटची गाणी आज वायांगच्या पडद्यासमोरही वाजतात. महाभारताच्या कथा सांगणाऱ्या, रात्रभर चालणाऱ्या या छायाबाहुल्यांच्या खेळात मधेच कथानक थांबतं आणि विदूषक येतात: सेमार आणि त्याची तीन पोरं, गारेंग, पेत्रुक, बागोंग. व्यासांच्या महाभारतात हे चौघं नाहीत. ते जावाचे स्वतःचे. पांडवांच्या पदरी असतात, मालकांची टर उडवतात, पेट्रोलच्या भावावर बोलतात आणि प्रेक्षकांच्या फर्माइशीची गाणी लावतात. आपल्या वगातला सोंगाड्या राजाला सुनावतो तसाच मामला. या मंचावर बाकीचंही महाभारत जावाचंच आहे. द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको. शिखंडी झाली ‘स्रिकांडी’, अर्जुनाची धनुर्धारी पत्नी; इतकी लाडकी की १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये तीन तिरंदाज बायकांनी देशाला पहिलं पदक मिळवून दिलं आणि पुढे त्यांच्यावरच्या चित्रपटाचं नाव ‘तीन स्रिकांडी’ ठेवलं गेलं. अशा देशात २०१४ साली एएनटीव्ही या वाहिनीने आपली हिंदी ‘महाभारत’ मालिका दाखवली, आणि अर्जुनाचं काम करणारा शाहीर शेख तिथला घरोघरचा नायक झाला. पाच पतींची द्रौपदी तिथल्या प्रेक्षकांनी निमूट पाहून घेतली. दोन महाभारतं एका घरात नांदली, भांडण झालं नाही.

हिंदी सिनेमाचं वेड मुळातच जुनं. २०११ साली गोरोन्तालोच्या एका पोलिसाने गणवेशात ‘छैंया छैंया’वर ओठ हलवलेली चित्रफीत देशभर गाजली. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो दिल्लीला प्रजासत्ताक दिनाला आले तेव्हा राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीत त्यांच्या शिष्टमंडळाने ‘कुछ कुछ होता है’ गायलं. पण भारताचा खरा शिक्का गाण्यांपेक्षा हिशेबाच्या वह्यांत सापडतो. फाळणीच्या आधीपासून तिकडे सिंधी व्यापारी आहेत. त्यांच्यातलेच, सुराबायात जन्मलेले राम पंजाबी आधी परदेशी चित्रपट आणत, मग स्वतः काढू लागले, आणि नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या फोफावल्या तेव्हा दैनंदिन मालिकांचे सम्राट झाले. या मालिकांना तिकडे ‘सिनेत्रोन’ म्हणतात: दुष्ट सासू, स्मृतिभ्रंश, इस्पितळात अदलाबदल झालेली बाळं. त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. संध्याकाळी सातनंतर कोणत्याही मराठी घरात डोकावलं की वाचकाला सगळं समजेल. त्याच घराण्यातल्या मनोज पंजाबींच्या कंपनीने देशातल्या सर्वांत मोठ्या चित्रपटांपैकी एक काढला, आणि तो भुताचा होता.

भूत हा इंडोनेशियन सिनेमाचा पोटापाण्याचा धंदा आहे. शेकडो वर्षांच्या लोककथांतून आलेली कुंतिलानाक, कफनात बांधलेला पोचोंग, पाठीला भोक असलेली सुंदेल बोलोंग. सुहार्तोच्या काळात या चित्रपटांचा शेवट ठरलेला असे: मौलवी येतो, आयत म्हणतो, भूत जळून जातं, सुव्यवस्था परत येते. २०१७ साली जोको अन्वरने १९८०चा ‘पेंगाब्दी सेतान’ नव्याने केला आणि ही सोय काढून घेतली. त्याच्या चित्रपटात धर्मगुरू येतो खरा, पण तोही वाचत नाही. प्रेक्षक ज्या आधाराची वाट बघत बसलेला असतो तोच कोसळतो. मला हा बदल फार मोठा वाटतो. सत्ता वरून येऊन सगळं ठीक करील, या भरवशावर तीन दशकं काढलेल्या समाजाने पडद्यावर तो भरवसा मोडताना पाहिला आणि पुन्हा पुन्हा तिकीट काढलं.

मनोज पंजाबींचा तो चित्रपट म्हणजे ‘काकाएन दी देसा पेनारी’. ‘काकाएन’ म्हणजे विद्यापीठातल्या मुलांना खेड्यात जाऊन करावी लागणारी सक्तीची समाजसेवा. अशा एका शिबिरात घडलेल्या भयानक प्रकाराची कथा २०१९ साली एका टोपणनावाच्या खात्यावरून ट्विटरवर तुकड्यातुकड्यांनी आली आणि अर्धा देश रात्री दिवे लावून झोपला. चित्रपट करोनामुळे रखडला, २०२२च्या लेबारानला, म्हणजे ईदला, लागला आणि एक कोटीच्या आसपास तिकिटं विकली गेली. ईदला आईबाप, मुलं, आज्या मिळून भुताचा सिनेमा बघतात, ही तिथली कौटुंबिक करमणूक. तीन वर्षांनी ईदलाच लागलेल्या ‘जुम्बो’ या देशी अॅनिमेशनपटाने तो आकडा मागे टाकला. त्याआधी २०२४मध्ये चार विनोदवीरांच्या पॉडकास्टमधून निघालेला ‘आगाक लाएन’ नव्वद लाखांपर्यंत गेला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्या देशात वर्षाला मोजके चित्रपट निघत, तिथे आज निम्म्याहून जास्त तिकिटं देशी चित्रपटांची विकली जातात. मराठी निर्मात्यांनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

कोरियन पॉप, जपानी धर्तीचा जेकेटी४८ हा मुलींचा गट, अमेरिकेत नाव काढलेले रिच ब्रायन आणि निकी, हे सगळं तिथे आहेच. पण ते आता जगात सगळीकडे आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. अपवाद गारुतच्या तीन हिजाबधारी मुलींचा. शाळेत असताना त्यांनी मेटल बँड काढला. ‘बाचेप्रोत’ म्हणजे सुंदानीज भाषेत कलकलाट. ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ २०२४मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आली.

सगळंच राजवाड्यात नाचत नाही, हेही इथेच सांगायला हवं. ‘सुकातानी’ या मध्य जावाच्या मुखवटाधारी पंक जोडीने पोलिसांच्या लाचखोरीवर ‘बायार बायार बायार’ हे गाणं केलं. ‘पैसे द्या’ हाच शब्द तीनदा. फेब्रुवारी २०२५मध्ये दोघांनी मुखवटे काढून पोलिसांची माफी मागणारी चित्रफीत टाकली आणि गाणं मागे घेतलं. त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या मोर्च्यांत तेच गाणं हजारो गळ्यांतून निघालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या ऐंशीव्या वर्षदिनाआधी ट्रकवाल्यांनी राष्ट्रध्वजाबरोबर ‘वन पीस’ या जपानी कार्टूनमधल्या चाच्यांचा झेंडा फडकवला. हसऱ्या कवटीच्या डोक्यावर गवती टोपी. अधिकाऱ्यांनी त्यात देशद्रोह पाहिला, त्यामुळे झेंडे आणखी वाढले.

आणि शेवटी ‘साउंड होरेग’. होरेग म्हणजे थरथरणं. पूर्व जावात, विशेषतः मालांगच्या आसपास, ट्रकवर मजल्यांनी रचलेल्या स्पीकरच्या भिंती गावागावांतून मिरवतात. खिडक्यांच्या काचा तडकतात, कौलं सरकतात, लहान मुलांचे कान हातांनी झाकलेले असतात, आणि पोरं त्या भिंतीला छाती लावून उभी राहतात. २०२५च्या जुलैत पूर्व जावाच्या उलेमा परिषदेने याविरुद्ध फतवा काढला. भाडोत्री स्पीकरवाले म्हणाले, आमच्या पोटाचं काय? म्हातारे म्हणाले, आमच्या छातीचं काय? हा वाद कुठल्या शहरात चाललाय हे न सांगता वाचून दाखवला, तर पुण्यातला किंवा कोल्हापूरचा माणूस आपल्याच गल्लीचं नाव घेईल.

या पुस्तकातले लेख कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील, पण वाचण्याआधी थोडं ऐकून घ्यावं. आधी एल्या खादाम, मग सत्तरच्या दशकातला रोमा इरामा, मग केम्पोटचं ‘स्तासियुन बालापान’, आणि सर्वांत शेवटी न्यू पालापाचं कुठलंही एक कोप्लो. इयरफोन लावू नका; हे संगीत चारचौघांत ऐकायचं आहे. मोठ्या स्पीकरवर लावा, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.